शेतातला बोरू

आमच्या घरी बोरू विकत आणत नसत. काडी कुठून तरी यायची, अण्णा चाकूनं तिला तिरका काप द्यायचे, टोकाला बारीक चीर पाडायचे, शाईत बुडवायचे आणि पहिलं अक्षर ‘श्री’ काढायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. इंदूरला तुकोगंजातल्या एका सरकारी ऑफिसात ते कारकून होते. ऑफिसात टाक होते, फाउंटन पेनं होती, पण मोठ्या साहेबांपुढे ठेवायचा कागद असला की तो अण्णांच्या टेबलावर यायचा आणि अण्णा ऐटीत खिशातून बोरू काढायचे.

हे अक्षर आमच्याकडे पिढीजात होतं. आजोबा संस्थानच्या दरबारात लिहिणारे. त्यांच्या अक्षरावर खूश होऊन दरबारानं त्यांना देपालपूरच्या पुढे थोडी काळी जमीन दिली होती. घरात तिला शेत कोणी म्हणत नसे. ‘अक्षराची जमीन’ म्हणत. ती शेजारच्या शेताचा पटेल बटाईनं करायचा, वर्षाला गव्हाची पोती घरी पोचवायचा, आणि आमच्यापैकी कोणी तिथे पाय ठेवत नसे.

मग राज्यं बदलली. संस्थान गेलं, मध्यभारत आला, आणि तो अंगवळणी पडतो न पडतो तोच मध्यप्रदेश झाला. राजधानी भोपाळ. इंदूरची माणसं आधी चिडली, मग रुसली आणि शेवटी मुकाट्यानं ट्रंका बांधायला लागली, कारण ऑफिसं एकेक करून भोपाळला निघाली होती. अण्णांच्या ऑफिसचीही ऑर्डर आली. तिथे सगळं काम हिंदी टाइपरायटरवर चालणार, असं कोणीतरी त्यांना सांगितलं, आणि त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

‘तिथं माझ्या अक्षराला कोण विचारणार?’ ते आईला म्हणाले.

‘अक्षराला नाही विचारलं तर तुम्हाला विचारतील ना. बस झालं.’

अक्षर आणि आपण ही दोन वेगळी आहोत, हेच अण्णांना पटत नव्हतं. त्यांनी लांबलचक बिनपगारी रजा काढली आणि अक्षराची जमीन स्वतः करायचं ठरवलं. शेतकी खात्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांना परदेशी मक्याचं बी देऊ केलं होतं. गोड मका. भुट्ट्याचा कीस तर इंदूरला घरोघरी व्हायचा. असा गोड, कोवळा भुट्टा मिळाला तर किसात साखरेची चिमूटसुद्धा घालावी लागणार नाही, लोक तुटून पडतील, असं अण्णांचं म्हणणं. एका चिमूटभर साखरेवर त्यांनी आमच्या तिघांचं आयुष्य लावलं. मला आणि आईला समोर बसवून त्यांनी सांगितलं की शेत चाललं तर ते राजीनामा देतील आणि आपण इंदुरातच राहू. नाही चाललं तर ते भोपाळला. मी एकुलती एक, शाळेत जाणारी. माझी शाळा बदलायची नाही, म्हणजे ते एकटे जाणार, हे आईनं आधीच सांगून टाकलं होतं.

वैशाखात आम्ही तिघं मोटरनं देपालपूरला आणि तिथून पटेलच्या गाडीतून शेतावर गेलो. जमीन भेगाळून पडली होती. नाल्याच्या कडेला मात्र माणसापेक्षा उंच, वाळलेल्या काड्यांचं एक बेट उभं होतं. पटेलनं ते लांबूनच दाखवलं.

‘बाबूजी, बाकी सब ठीक हे, पण नाला कने यो बर्रू हे. इके जड़ समेत खोदी लो, नी तो यो तमारो खेत खई जायगो.’

अण्णांना त्यातला एकच शब्द ऐकू आला. ‘बर्रू?’ म्हणत ते धोतर सावरत त्या बेटाकडे जवळजवळ पळतच गेले. ‘अगं, हा बरू! आपला बोरू! इतकी वर्षं लोकांकडे काड्या मागून राहिलो, आणि हा आपल्याच जमिनीत उभा आहे!’

त्यांनी एक काडी मोडली, खिशातल्या चाकूनं तिथेच तासली. शाई नव्हती. कळशीतल्या पाण्यात चिमूटभर काळी माती कालवली आणि माझा हात हातात घेऊन तळव्यावर ‘श्री’ काढला. वाळलेल्या मातीनं तळवा आवळला गेला, ते मला अजून आठवतं. अण्णांचा चेहराही आठवतो. इतके खूश झालेले अण्णा मी त्याआधी पाहिले नव्हते.

‘अहो, पण तो पटेल खोदून काढा म्हणून राहिला ना?’ आई म्हणाली.

‘त्याला काय कळतंय? त्यानं जन्मात बोरू धरलाय का?’

खरं तर पटेललाही फार कळत होतं अशातला भाग नाही. त्याच्या स्वतःच्या बांधालाही बरू होताच आणि त्यानं तो कधी खोदला नव्हता. सांगायचं म्हणून त्यानं सांगितलं, आणि विडी पेटवली.

अण्णांनी बेट ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, पाऊस पडून माती मऊ झाल्यावर त्याचे ठोंब काढून शेताच्या चारी बांधांवर लावले. इंदूरच्या शाळांत तेव्हा सुलेखनाला बर्रूची कलम लागायची. बांधावर कलमा, आत भुट्टे, असा त्यांचा बेत. तण लोकांच्या शेतात आपण होऊन येतं. आमच्याकडे ते मानानं लावलं गेलं, पाणी घातलं गेलं. हसावं की रडावं ते मला अजूनही कळत नाही. मला त्या गवताचा राग येतो, आणि राग आला की अण्णांचा तो चेहरा आठवतो. मग राग कुठे ठेवायचा तेही कळत नाही.

मक्याचं बी आलं ते सुरकुतलेलं, पोचट. पटेलनं तळहातावर घेऊन पाहिलं.

‘बाबूजी, यो बीज हे के डोकरा का गाल?’

पण गोड मक्याचं बी तसंच असतं, वाळलं की आक्रसतं. उगवलाही तो तसाच, बेतानं, आजाऱ्यासारखा. पटेलचा मका गुडघ्याला लागला तेव्हा आमचा वीतभर होता. पण त्या वर्षी पाऊस उघडीप देत पडला, बायका वेळेवर येऊन निंदून गेल्या, आणि भादव्यात आमच्याकडे खरोखरच भुट्टे आले. फार नाहीत. पण होते.

पहिली टोपली अण्णांनी मोटरच्या टपावर ठेवू दिली नाही, मांडीवर घेऊन आणली. आईनं कीस केला. जिरं, हिंग, हिरवी मिरची, दूध, आणि साखर अजिबात नाही. वाड्यातली बिऱ्हाडं वाट्या घेऊन आली. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘वहिनी, रबडी घातली का हो यात?’ अण्णा कोपऱ्यात उभे राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. सगळे गेल्यावर त्यांनी दौत पुढे ओढली.

‘राजीनामा लिहू?’

‘अजून एक साल बघा,’ आई म्हणाली. ‘रजा आहे ना?’

अण्णांनी दौत मागे सारली. बोरूच्या काड्या मात्र हिवाळ्यात कापून आणल्या, मोळीच्या मोळी. आमच्या खोलीत बसून ते कलमा तासायचे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींकडे त्या वर्षी अण्णांच्या हातची कलम होती. मी वर्गात मिरवले. कापायच्या आधीच त्या बरूला लालसर तुरे आले होते, वाळले होते आणि वाऱ्यावर सगळ्या शेतभर बी झडून गेलं होतं. ते आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. आईनं तर त्यातले दोन तुरे सुंदर दिसतात म्हणून भिंतीवरच्या आरशामागे खोचून ठेवले होते.

उन्हाळ्यात बांधावरचा बरू शेतात उतरलेला दिसला. थोडाच होता, कडेकडेनं. अण्णांनी पटेलला विचारलं. पटेल म्हणाला, वखर घालू, साफ होईल. त्यानं बैल आणले आणि सगळ्या शेतातून आडवा-उभा वखर फिरवला. वरचं सगळं कापलं गेलं, शेत आरशासारखं दिसायला लागलं. बरूची मुळं म्हणजे जमिनीखालून धावणाऱ्या, उसासारख्या पेरांच्या कांड्या, आणि प्रत्येक पेराला डोळा असतो. वखराच्या लोखंडी पात्यानं, पासेनं, त्या कांड्यांचे तुकडे केले आणि इकडचे तिकडे नेऊन पेरले. आम्ही मक्याच्या आधी बरूची पेरणी केली होती, तीही मक्यापेक्षा चांगली.

आषाढात मका पेरला आणि पाऊस लागला. उघडेना. काळ्या जमिनीत एकदा पाणी मुरलं की वाफसा आल्याशिवाय पाऊल घालता येत नाही, माती पायाला धरून ठेवते. दिवसामागून दिवस गेले. अण्णा दर दोन-चार दिवसांनी मोटरनं जायचे, बांधावर छत्री धरून उभे राहायचे आणि परत यायचे.

‘उगवलंय?’ आई विचारायची.

‘भरपूर उगवलंय.’

काय उगवलंय ते ते सांगत नसत, आणि आईही विचारत नसे.

श्रावणात एकदाची उघडीप मिळाली. पटेलनं निंदायला बायका गोळा केल्या. त्या निंदाई म्हणायच्या, आम्ही निंदणी म्हणायचो. शेतातलं हे एकच काम होतं ज्याचं नाव आम्हाला आणि त्यांना सारखंच कळायचं. अण्णांची रजा, शेत, बोरू या सगळ्यावर वाड्यात आणि नातेवाइकांत एव्हाना यथेच्छ बोलून झालं होतं. आई पदर खोचत म्हणाली, ‘निंदा करायला सगळे गोळा झाले, निंदायला मात्र आपणच.’ तिनं खुरपं घेतलं आणि ओळीत बसली. मी तिच्या मागे तण गोळा करायला.

आईनं त्याआधी तुळशीच्या कुंडीपलीकडे कधी काही निंदलं नव्हतं. पण ती झपाट्यानं काम करणारी बाई. दुपारपर्यंत तिची ओळ सगळ्यांच्या पुढे गेली. अण्णा मागून बघत आले आणि एका जागी थांबले. वाकले. माझ्या हातातल्या भाऱ्यातून त्यांनी एक रोप उपसलं, पान उलटं करून बघितलं, मग दुसरं, मग तिसरं.

‘अगं, हा मका आहे.’

आई उठून उभी राहिली. तिच्यामागे लांबच लांब ओळीत हिरवीगार, तरारलेली रोपं डोलत होती. सगळा बरू. लहानपणी दोघांची पानं सारखीच दिसतात. त्यात आमचा मका पिवळट, बारका, मान टाकलेला.

‘जे जोमदार ते आपलं, असं मला वाटलं,’ आई म्हणाली.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यातली एक धीट होती. ‘बई, फसल तो भोत अच्छी हे, पण कलम की हे.’ आई हसली नाही. ती तिथेच चिखलात बसली आणि उपटलेली रोपं एकेक करून पुन्हा मातीत खोचायला लागली. उपटलेला मका पुन्हा लागत नाही, हे तिला कोणी सांगितलं नाही. सांगायला जीभ रेटली नसती.

त्यानंतर अण्णा शेतावरच राहायला लागले. पटेलच्या ओसरीवर झोपायचे आणि दिवसभर कुदळीनं बरू खणायचे. रविवारी आई डबा घेऊन जायची, मीही जायचे. त्यांच्याभोवती पांढऱ्या कांड्यांचे ढीग असत. एक कांडी धरून ते ओढत जायचे, ती तुटायची, तुटल्या जागी पुन्हा खणायचे. बरूच्या पानाला धार असते. त्यांच्या बोटांवर, मनगटांवर बारीक काप पडले होते, त्यांत माती जाऊन ते चिघळले होते. आठ दिवसांपूर्वी खणलेल्या जागी नवे कोंब वर आलेले असायचे. अण्णांना ते दिसत असत, पण ते तिकडे बघत नसत.

‘अण्णा, पुन्हा उगवलाय,’ मी एकदा म्हणाले.

‘दिसतंय मला,’ ते म्हणाले आणि खणत राहिले.

शेतकी खात्यातले ते गृहस्थ एकदा आले. परदेशात यावर औषध निघालंय, फवारलं की मरतं, पण आपल्याकडे यायला वेळ आहे, म्हणाले. जाताना बांधावरच्या बेटातली एक काडी मोडून घेऊन गेले. मुलाला सुलेखनाला हवी होती.

भादव्यात आमच्या शेतात बरू डोक्याच्या वर गेला होता. मका आत कुठेतरी होता. आम्ही पानं बाजूला सारत, हात कापून घेत तो शोधला. जी कणसं सापडली ती अंगठ्याएवढी. सोललं की आत इथे एक दाणा, तिथे एक दाणा, बोळक्या तोंडातल्या दातांसारखे. गोड होते मात्र. आईनं त्यांचाही कीस केला. तिघांना एकेक घास आला.

जेवण झाल्यावर अण्णा दौतीकडे बघत बसले होते. या वेळी ती पुढे ओढायचं काही कारण नव्हतं.

‘बोरूनं दिलेलं होतं,’ आई ताटं उचलताना म्हणाली, ‘बोरूनंच खाल्लं.’

ती रागानं म्हणाली नव्हती. पण अण्णांनी ऐकलं. ते उठले, खुंटीवरच्या कोटाच्या खिशातला बोरू काढला आणि कपाटावरच्या मोळीत खुपसून टाकला. मग हात धुतले.

भोपाळची मोटर सकाळची होती. आईनं त्यांच्या ट्रंकेत कपडे, लोणच्याची बरणी, गरम टोपी भरली आणि कपाटावरची मोळी सोडून दोन चांगले बोरूही घातले. मोटर स्टँडवर अण्णांनी ट्रंक उघडून बघितली आणि ते दोन्ही काढून तिच्या हातात दिले.

‘राहू दे. टाइपरायटर आहे तिथं.’

‘पण जाऊन करायचं काय?’

‘आधी रुजू व्हायचं. मग देतील ते करायचं.’

‘रुजू,’ आई म्हणाली. ‘तिथं तरी रुजा.’

तिला टोमणा मारायचा होता, पण बोलता बोलता ती हातातले बोरू पदरानं पुसायला लागली. कंडक्टर ओरडला, ‘चलो भिया, ऊपर, ऊपर!’ अण्णा चढले. खिडकीची जागा मिळाली नाही, त्यामुळे मोटर हलली तेव्हा ते आम्हाला दिसले नाहीत.

भोपाळला त्यांना टपालाच्या टेबलावर बसवलं. आलेल्या पाकिटावर शिक्का मारायचा, पुढे ढकलायचं. शेत पटेलकडे गेलं, बटाईनं. पावसाळ्यात पटेलनं त्यात गुरं सोडली, तेव्हा दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. कोवळा बरू खाऊन त्याची एक गाय फुगून मेली. त्याबद्दल तो आम्हाला काही बोलला नाही, हिवाळ्यातल्या गव्हाची पोती मात्र पुढे कमी कमी होत गेली आणि मग बंद झाली.

पुढच्या दिवाळीला अण्णा घरी आले. वाळले होते. खोली कशी आहे, जेवण कुठे करता, आई विचारत होती आणि ते ‘ठीक आहे’ म्हणत होते. मध्येच त्यांना काहीतरी आठवलं.

‘तिथले जुने लोक स्वतःला काय म्हणवतात माहीत आहे? बर्रूकाट. बर्रू कापून शहर वसवलं म्हणून. अभिमानानं सांगतात.’

ते हसले. आम्ही दोघी हसलो नाही, तेव्हा त्यांनीही तोंड मिटलं.

सुट्टी संपली की शाळेत सुलेखनाची स्पर्धा होती. माझी कलम झिजली होती. मी स्टुलावर चढून कपाटावरच्या मोळीतली एक काडी काढली आणि चाकू नि काडी त्यांच्यापुढे ठेवली. घरात वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. अण्णांनी काडी उचलली, बोटांत फिरवली. बोटांवरचे काप भरले होते, पण पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या. त्यांनी काप दिला. चीर पाडायला गेले आणि काडी उभी फाटली. दुसरी घेतली. तीही फाटली.

‘वाळून गेल्यात,’ आई म्हणाली. ‘ताजी असती तर...’

ताजी कुठे मिळते ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

‘बाजारातून आण,’ अण्णा म्हणाले. चाकू मिटून त्यांनी बाजूला ठेवला आणि धोतरावर पडलेले तुकडे वेचून कागदात गुंडाळले.

संध्याकाळी आई बाजारातून बोरू घेऊन आली. घरात विकत आलेला तो पहिला. मी शाई घेतली, पहिलं अक्षर ‘श्री’ काढलं आणि पाटी दाखवावी तशी वही अण्णांसमोर धरली. माझ्या अक्षराला त्यांनी तोवर नुसतं चांगलं कधीच म्हटलं नव्हतं. काना वाकडा आहे, गाठ जाड झाली, रेघ सुटली, असं काहीतरी निघायचंच. मग माझा हात धरून ते तेच अक्षर पुन्हा काढून घ्यायचे. मी हात मोकळाच ठेवला होता.

अण्णांनी चष्मा लावून वहीकडे बघितलं.

‘चांगलं आहे,’ ते म्हणाले आणि सकाळची मोटर कितीला सुटते ते आईला विचारलं.

‘श्री’ची वेलांटी चुकली होती. मला ती दिसत होती.